बरं नाही म्हणायची तालीम

"साहेब, तुम्हाला ताप आला तर तुम्ही आमच्या वस्तीतल्या दवाखान्यात याल का?"

हा प्रश्न टिटवीचा नव्हता. मागच्या बाकावरच्या मैत्रिणींनी तो आपसात शिजवला, चवीपुरतं तिखट घातलं आणि "हिंमत असेल तर विचारून दाखव" म्हणत तिच्या पुढ्यात वाढला. मागच्या वर्षापर्यंत ही मुलगी हजेरी देतानासुद्धा पुटपुटायची. यंदा तिला अचानक आवाज फुटला होता, आणि फुटलाच आहे तर कुठे वापरू नि कुठे नको असं तिला झालं होतं. घरात टिटवी हे नाव त्यातूनच पडलं. तर ही टिटवी उठली, आणि आरोग्य खात्याचे सगळ्यात मोठे साहेब 'स्वच्छ हात' या विषयावर भाषण संपवून पाणी पीत असताना, अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारून मोकळी झाली.

साहेबांना ठसका लागला. मुख्याध्यापिकाबाईंनी टिटवीकडे असं पाहिलं की दुसरी एखादी असती तर जागच्या जागी विरघळली असती. पण नेमका वर्तमानपत्राचा फोटोग्राफर समोर कॅमेरा रोखून उभा होता. साहेबांनी ठसका गिळला आणि हसू बाहेर काढलं.

"का नाही येणार? आणि ताप येईपर्यंत थांबायचं तरी कशाला? येत्या गुरुवारीच येतो! माझा रक्तदाब तिथेच तपासून घेतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मैत्रिणींची तोंडं उघडीच राहिली. टिटवी खाली बसली आणि मैत्रिणींकडे वळून तिने भुवई उडवली.

घरी येऊन तिने दप्तर भिरकावलं आणि आजीला सगळं अभिनयासकट करून दाखवलं. आजी खुर्चीत होती. हल्ली ती दिवसाही खुर्चीत असायची आणि रात्रीही. आडवं झालं की छातीवर कुणी ठाण मांडून बसल्यासारखं तिला व्हायचं. पाय इतके सुजले होते की चपलेत मावत नव्हते. दवाखान्यातल्या डॉक्टरने औषध सुरू करून दिलं होतं आणि बजावलं होतं, "दर आठवड्याला दाखवा, मात्रा बदलावी लागेल." पण दवाखान्यात डॉक्टर यायचा फक्त गुरुवारी, तोही दुपारपर्यंत. मागचे दोन्ही गुरुवार आजीचा नंबर लागायच्या आत तो बॅग उचलून पुढच्या वस्तीत गेला होता. तिसरा गुरुवार हुकला तर काय होईल, हे टिटवीला कुणी सांगितलं नव्हतं. रात्री पाणी प्यायला उठली की खुर्चीतून येणारा तो शिट्टीसारखा श्वास ऐकून तिचं तिलाच कळत होतं.

आई-बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते सकाळी बूट चढवता चढवता दारातून विचारायचे, "बरं आहे ना?" आजी म्हणायची, "बरं आहे. या तुम्ही." मग दार बंद.

"काय सांगतेस!" आजी दम खात म्हणाली. "साहेब येणार? स्वतः? अगं, दोन वर्षं आम्ही त्याच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवतोय, आणि तू त्याला एका वाक्यात आणलंस? चल, मला हात दे. मास्तरांना सांगायला हवं."

मास्तर म्हणजे आरोग्य हक्क समितीचे अध्यक्ष. ही समिती वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांची होती आणि मागणी एकच होती, दवाखान्यात रोज डॉक्टर हवा. त्यासाठी त्यांनी सह्या गोळा केल्या, शिष्टमंडळं नेली, कचेरीसमोर छत्र्या उघडून बसले. दर वेळी खात्याकडून उत्तर यायचं की विषय विचाराधीन आहे. मागच्या वर्षी समितीच्या बैठकीला बागेतली दोन बाकं भरायची. यंदा एकच भरत होतं, तेही ऐसपैस. राजीनामा मात्र कुणीही दिलेला नव्हता.

त्या संध्याकाळची तातडीची बैठक टेलरकाकांच्या दुकानात भरली. टेलरकाकांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, त्यामुळे दुकानात शिवण कमी आणि बैठका जास्त व्हायच्या. मास्तर होतेच. फोनवाली मावशीही होती. जन्मभर टेलिफोन खात्यात लोकांना जोडून देण्याचं काम केल्यामुळे तिचा आवाज अजून मधासारखा होता. डोळ्यांत मात्र मोतीबिंदू इतका पिकला होता की ती बराच वेळ कपड्यांच्या पुतळ्याशीच बोलत होती.

"भाषण नको, निवेदन नको," मास्तर म्हणाले. "साहेब विचारतील, प्रत्येकाने आपल्याला काय होतंय ते सरळ सांगायचं. एवढी आजारी माणसं एका खोलीत बघितली की दगडालासुद्धा पाझर फुटेल."

"मी साहेब होते!" टिटवी टुणकन उठली. टेलरकाकांचा एक अर्धवट कोट अंगात चढवून, पोट पुढे काढून ती रांगेसमोर आली. "काय मंडळी, कसं काय? बरं आहे ना?"

"बरं आहे, बरं आहे!" सगळे एकदम म्हणाले.

टिटवीने कपाळावर हात मारला. "अहो टेलरकाका! तुमचा हात वर होत नाही ना?"

"नाही ना. कंगवासुद्धा डाव्या हाताने फिरवतो."

"मग बरं आहे काय म्हणता?"

"अगं, तू विचारलंस ना!" टेलरकाका ओशाळले. "कुणी विचारलं की तोंडातून तेच निघतं. गिऱ्हाईकापुढे काय रडायचं?"

"मावशी, तुम्ही तरी?"

"साहेब मोठा माणूस," मावशी पुतळ्याला म्हणाली. "पहिल्याच भेटीत त्याच्या गळ्यात आपली दुखणी बांधायची? बरं दिसतं का ते?"

आणि गंमत बघा, हीच मंडळी बाकावर बसली की सांधे, पोट, झोप, लघवी यांच्याबद्दल इतकं बारीकसारीक बोलायची की बागेतली जोडपी उठून दुसरीकडे जायची. पण तक्रार करायची ती आपसात. परक्याने विचारलं की ताठ बसायचं आणि बरं आहे म्हणायचं.

शेवटी मास्तरांनी आपल्या जुन्या धंद्यातली युक्ती काढली. एकेकट्याला जमत नाही ना, मग पाढ्यासारखं घोका! त्यांनी बोट वर केलं की सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "बरं नाही, साहेब!" पहिल्यांदा फोनवाली मावशी मागे राहिली. दुसऱ्यांदा आजीचा श्वास पुरला नाही. पण चार-पाच दिवस रोज घोकून घोकून असा सूर लागला की समोरच्या दुकानातले लोकसुद्धा बघायला यायला लागले.

सरावाचे परिणाम घरोघरी दिसू लागले. टेलरकाकांच्या सुनेने सकाळी चहा देताना सवयीने विचारलं, "बाबा, बरं आहे ना?" तर ते बेसावधपणे म्हणून गेले, "बरं नाही." सून कपासकट खालीच बसली. तिने नवऱ्याला फोन केला, नवऱ्याने बहिणीला केला, आणि दुपारपर्यंत टेलरकाकांच्या घरात सगळे नातेवाईक जमून एकमेकांना विचारत होते की आजच असं काय झालं. "आज काही नाही झालं," टेलरकाका पुन्हा पुन्हा सांगत होते, "चार वर्षं झाली!" पण त्यांच्याकडे कुणी लक्षच देईना. ते सगळं एवढं अंगावर आलं, की काकांनी त्या दिवसापासून घरात बरं आहे आणि दुकानात बरं नाही अशी वाटणी करून टाकली.

आजी तर घरात सराव करायलाच तयार नव्हती.

"आजी, बाबांना तरी सांग ना."

"तो काय साहेब आहे? माझा पोरगा आहे तो. दिवसभर छपाईच्या यंत्रापुढे उभा असतो. त्याला कशाला घोर लावायचा? गुरुवारी डॉक्टर औषध बदलून देईल की झालं. आणि तूही बोलायचं नाहीस, शपथ आहे माझी."

टिटवीला सगळ्या जगाशी बोलायचा आत्मविश्वास आला होता, पण आजीची शपथ मोडायचा अजून आला नव्हता.

गुरुवार उजाडला. दवाखाना ओळखू येत नव्हता. दाराला आणि भिंतींना आदल्या संध्याकाळीच हिरवा रंग फासला होता, तो अजून ओला होता. कुठून तरी कुंड्या उसन्या आल्या होत्या. बंद पडलेला पंखा फिरत होता. डॉक्टर चक्क वेळेआधी आला होता, पण पेशंट आत घेत नव्हता. "साहेब येऊन जाऊ देत, मग लगेच सुरू करतो," तो घाम पुसत म्हणाला. सिस्टर रंगाला हात लावू नका, रंगाला हात लावू नका असं ओरडत होती. तोवर फोनवाली मावशी दाराला टेकून उभी राहिलेली होती.

समितीला बघून टिटवी जागच्या जागी थबकली. मास्तरांनी दाढी घोटून टाय लावला होता. टेलरकाकांनी स्वतः शिवलेला सूट घातला होता. मावशीने केस रंगवले होते. आणि आजीने गालांना पावडर लावून वर जराशी लाली फिरवली होती.

"अहो, आजारी दिसायचं होतं ना!" टिटवी दबक्या आवाजात किंचाळली.

"साहेबांपुढे गबाळ्यासारखं जायचं?" मास्तर म्हणाले. "आणि हो, मी सगळ्यांना दुखणं मारायची एकेक गोळी दिली आहे. नाहीतर एवढा वेळ त्या बाकांवर बसवलं नसतं."

साहेब आले ते फोटोग्राफर आणि वहीवाला सहायक घेऊन. चेहरा लालबुंद, पण चाल जोरात. त्यांनी रांगेवरून नजर फिरवली, पोट पुढे काढलं आणि अगदी टिटवीच्या तालमीबरहुकूम म्हणाले, "काय मंडळी, कसं काय? बरं आहे ना?"

मास्तरांचं बोट वर गेलं.

"बरं नाही, साहेब!"

असा सूर लागला, असा सूर लागला की उसन्या कुंड्यांची पानं हलली. मग साहेब खदखदून हसले आणि टाळ्या पिटायला लागले.

"वा! वा! काय बसवलंय! कुणाची कल्पना? या वयात काय हा उत्साह!"

"साहेब, हे बसवलेलं नाही," मास्तर गडबडले.

"पुन्हा एकदा होऊ दे," फोटोग्राफर म्हणाला. "आणि जरा हसून, हं!"

आता फोटो काढणाऱ्याने हसा म्हटलं की माणूस हसतो. त्याला काही इलाज नाही. समिती हसली आणि हसत हसत एका सुरात म्हणाली, "बरं नाही, साहेब!" फ्लॅश चमकला. टिटवीला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं, पण भिंतीलाही ओला रंग होता.

"बरं, गंमत पुरे," साहेब म्हणाले, आणि खरोखरच जवळ आले. त्यांनी टेलरकाकांच्या खांद्यावर हात ठेवला, नेमका त्याच खांद्यावर. "आता खरं सांगा, काका. तब्येत बरी ना?"

टेलरकाकांच्या डोळ्यांत कळ तरळली. "बरी आहे, साहेब."

"मावशी, तुम्ही?"

"आपल्या कृपेने उत्तम," मावशी मधाळ आवाजात सिस्टरला म्हणाली.

"मास्तर?"

मास्तरांनी तोंड उघडलं. बोट वर करायला या वेळी कुणी नव्हतं. "ठीक आहे. वयाप्रमाणे चालायचंच."

साहेब आजीपुढे आले. तिची बसायची जागा अडचणीची आहे बघून त्यांनी स्वतःसाठी मांडलेली गादीची खुर्ची पुढे सरकवली, तिचा हात धरून तिला तिच्यात बसवलं आणि वाकून विचारलं, "आजी, काही त्रास नाही ना?"

"आजी, सांग!" टिटवी मागून ओरडली.

आजीने साहेबांकडे पाहिलं. इतक्या दिवसांत कुणी तिच्यासाठी खुर्ची सरकवली नव्हती. तिने एक श्वास घेतला, तो पुरला नाही, दुसरा घेतला.

"नाही हो. बरं आहे."

"बघा!" साहेब सहायकाकडे वळले. "लिहून घ्या. ज्येष्ठांची प्रकृती समाधानकारक. मनोबल उत्तम. इथे आठवड्याच्या डॉक्टरची निकड दिसत नाही. जिथे खरी गरज आहे तिथे त्याला पाठवावं."

"अहो साहेब!" टिटवी पुढे घुसली. "यांना बरं नाहीये! माझ्या आजीला रात्री झोपता येत नाही! हे सगळे खोटं बोलतात!"

"तूच ना ती प्रश्न विचारणारी?" साहेबांनी तिच्या डोक्यावर थोपटलं. "मोठ्यांना खोटारडं म्हणू नये, बाळ. चला डॉक्टर, माझा रक्तदाब. फोटो घ्या रे."

डॉक्टरने साहेबांना आपल्या खुर्चीत बसवून त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. फुगा दाबला. आकडा बघितला. पट्टा सोडून पुन्हा गुंडाळला, पुन्हा बघितला. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"साहेब, डोकं दुखतंय का? छातीत काही?"

"छे! मी ठणठणीत आहे."

"डाव्या हाताला मुंग्या?"

"त्या काय, महिनाभर येतात. बरं आहे मला. फोटो झाला का?"

फोटो झाला नाही, कारण साहेब उठायला गेले आणि खुर्चीवरून घसरून सहायकाच्या वहीवर बसले. मग जी पळापळ झाली, ती विचारू नका. सिस्टरने पाणी आणलं, सहायकाने गाडी दाराशी लावली, डॉक्टरने बॅग उचलली. डॉक्टर आणि सहायक साहेबांना धरून ओल्या दारातून बाहेर नेत होते आणि साहेब दोन्ही बाह्यांना हिरवा रंग फासून घेत सांगत होते, "काही झालेलं नाही, उगाच घाबरवू नका."

टिटवी धावत जाऊन गाडीपुढे उभी राहिली.

"डॉक्टर, तुम्ही कुठे चाललात? आज गुरुवार आहे! माझ्या आजीला तपासा आधी! तिसरा गुरुवार आहे हा!"

"बाजूला हो! साहेबांचं सीरियस आहे!"

"आजीचंही सीरियस आहे!"

"त्या आत्ताच बरं आहे म्हणाल्या ना!"

टिटवी हलली नाही. तिने दोन्ही हात गाडीच्या बॉनेटवर रोवले. तेवढ्यात मागून कुणीतरी तिचा दंड धरला. पकड अगदी हलकी होती, पण तिला ती ओळखता आली. आजी तेवढ्या पायऱ्या उतरून आली होती आणि तिचे ओठ जांभळे पडले होते.

"जाऊ दे त्यांना," ती एकेक शब्द वेगळा काढत म्हणाली. "माणूस... आजारी आहे."

गाडी गेली. शहरातल्या सगळ्यात महागड्या खासगी रुग्णालयाच्या दिशेने गेली, हे सिस्टरला थोड्या वेळाने फोनवर कळलं. डॉक्टर साहेबांजवळच थांबणार होता. आणि पुढच्या गुरुवारचं काय, असं मास्तरांनी विचारलं तेव्हा सिस्टरने सहायकाची वही समोर असल्यासारखं हवेत बोट दाखवलं. डॉक्टरला दुसरीकडे पाठवायचा शेरा तर वहीत झालाच होता. त्यावर साहेबांची सहीसुद्धा गाडीत बसता बसता झाली होती.

समिती दवाखान्याच्या पायरीवर बसली. मावशीच्या पाठीवर हिरवा पट्टा होता. गोळीचा असर उतरायला लागला तसे सगळे हळूहळू कण्हायला लागले. टिटवीने डोळे पुसले आणि रांगेतल्या पहिल्या माणसापासून सुरुवात केली. या वेळी तिने बरं आहे ना असं विचारलंच नाही.

"काका, काय होतंय?"

"खांदा गं," टेलरकाका म्हणाले. "आता तर मानेपर्यंत चढलंय."

"मावशी, काय होतंय?"

"अगं, आपण कुणाशी बोलतो तेच कळत नाही." आणि मावशी रडायलाच लागली.

मास्तरांनी टाय सैल केला. त्यांनी सगळं ऐकलं आणि मग, बरीच वर्षं शिक्षक असलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "ठराव मांडतो. आपल्या तोंडाला जन्माची खोड लागली आहे. यापुढे समितीच्या वतीने ही पोरगी बोलेल. आपण फक्त शेजारी बसून कण्हायचं." अनुमोदनाला हात वर करायचा होता. टेलरकाकांनी डावा केला. आजीने दोन बोटं उचलली.

घर दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर. आजीला तेवढं चालायला दुपार पुरली नाही. दर विजेच्या खांबाला ती टेकायची. खुर्चीत बसल्यावर तिने डोळे मिटले, आणि टिटवीने तिच्या श्वासाची शिट्टी नुसती ऐकत बसायचं सोडून दिलं. तिने एक टॅक्सी बोलावली. मग आईला फोन केला, बाबांना केला आणि दोघांनाही एकच वाक्य सांगितलं, "आत्ता घरी या."

आई ऑफिसची पिशवी खांद्याला तशीच लटकवून आली. बाबांच्या बोटांना शाई होती. दोघं दारातूनच आजीकडे धावले.

"आई! अगं काय झालं? बरं आहे ना?"

आजीने डोळे उघडले. पोराचा उतरलेला चेहरा पाहून ओठांची जुळवाजुळव केली.

"आजी, तू गप्प," टिटवी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा वर गेला नाही. "आई, बाबा, ऐका. आजी, तूही ऐक, मी तुझी शपथ मोडतेय. मी ठरवलंय. आजपासून आजीच्या तब्येतीचं आजीला कुणी विचारायचं नाही, मला विचारायचं. ती गेले दोन महिने आडवी झालेली नाही. टॅक्सी खाली उभी आहे, आपण मोठ्या दवाखान्यात चाललोय. तिथे डॉक्टरांनी काहीही विचारलं तरी उत्तर मी देणार, तुम्ही दोघांनी फक्त तिचं तोंड धरायचं. आणि सोमवारपासून मी शाळा सुटली की रोज साहेबांच्या कचेरीच्या पायरीवर बसणार आहे, समितीला घेऊन. नको म्हणून उपयोग नाही. ठराव मंजूर झालाय."